आठ रुपयांचा हिशेब

विद्यार्थी मित्रांनो, या पाठात कर्ज, हिशेब, जमा, खर्च, बाकी असे शब्द पुष्कळदा येतील. हे शब्द तुम्हाला परके नाहीत. घरी कोकणी आणि शाळेत उर्दू बोलताना तुम्ही ते नेहमीच वापरता. मराठीनेही ते फार पूर्वी आपलेसे केले आहेत. एक शब्द मात्र काहींना नवा वाटेल. तो शब्द म्हणजे काटकसर. उर्दूत आपण ज्याला किफायतशिआरी म्हणतो, तीच ही काटकसर. जरूर तेथे खर्च करायचा आणि जरूर नसेल तेथे हात आवरायचा, एवढाच तिचा अर्थ. कंजूष माणूस जरूर असलेल्या ठिकाणीही पैसा सोडत नाही. म्हणून कंजूषपणा आणि काटकसर या दोन गोष्टी एक मानू नका.

ज्या मुलाची गोष्ट तुम्ही आता वाचणार आहात, त्याला काटकसर कोणी मुद्दाम शिकवली नाही. ती त्याला करावीच लागली. हा मुलगा आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातला. रत्नागिरी शहरातील लोकमान्य टिळकांचे जन्मस्थान तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. टिळकांचा जन्म १८५६ सालचा. त्यांच्यानंतर दहा वर्षांनी, ९ मे १८६६ रोजी, आजच्या गुहागर तालुक्यातील कोतळूक या गावी गोपाळचा जन्म झाला. पुढे सारा देश त्याला नामदार गोपाळ कृष्ण गोखले या नावाने ओळखू लागला. टिळक आणि गोखले यांचे राजकारणात फारसे जमले नाही, परंतु ती हकिकत तुम्ही इतिहासाच्या तासाला वाचाल. येथे आपल्याला पाहायचा आहे तो गोखल्यांचा पैशांचा हिशेब.

गोपाळचे वडील कृष्णराव हे गरीब घरचे. कोकणात पोट भरण्याजोगे काम नव्हते. म्हणून अनेक कोकणी माणसांप्रमाणे तेही घाट चढून देशावर गेले. कोल्हापूरजवळ कागल नावाचे लहानसे संस्थान होते. तेथे त्यांनी कारकुनाची नोकरी धरली आणि पुढे ते फौजदार झाले. फौजदार म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर मोठा रुबाब उभा राहील. पण या फौजदाराच्या घरी शिल्लक अशी काही पडत नव्हती. तरीही मुलांना इंग्रजी शिक्षण द्यायचेच, असे त्यांच्या मनात होते. थोरला गोविंद आणि धाकटा गोपाळ यांना त्यांनी कागलहून कोल्हापूरच्या शाळेत पाठवले. त्या वेळी गोपाळ दहा वर्षांचा होता.

दोघे भाऊ शिकत असताना १८७९ साली वडील वारले. गोपाळ तेरा वर्षांचा होता आणि गोविंद अठरा वर्षांचा. आई आणि धाकटी भावंडे रत्नागिरी जिल्ह्यातच ताम्हनमळा येथे राहायला आली. आता दोघांच्या शिक्षणाचे कसे करायचे, हा प्रश्न उभा राहिला. दोघांचेही शिक्षण चालू राहणे शक्य नव्हते. गोविंदरावांनी आपले शिक्षण सोडले आणि कागलमध्येच नोकरी धरली. पगार महिना पंधरा रुपये. या पंधरातील आठ रुपये ते दर महिन्याला कोल्हापूरला गोपाळकडे पाठवू लागले.

हा हिशेब नीट पाहा. आम्ही शिक्षक मंडळी एखादे उदाहरण फळ्यावर मांडतो, तसाच तो मांडू. तेव्हा एका रुपयाचे सोळा आणे असत आणि एका आण्याचे चार पैसे. आज आपण वापरतो ती शंभर पैशांची पद्धत १ एप्रिल १९५७ पासून सुरू झाली. आठ रुपयांचे आणे झाले १२८. महिन्याचे दिवस तीस धरले, तर रोजचे चार आणे आणि वर महिन्याकाठी आठ आणे उरतात. या पैशांतच जेवण, राहणे, शाळेची फी, वह्या, पुस्तके आणि दिव्याचे तेल भागवायचे. आता घरची बाजू पाहा. पंधरातून आठ वजा केले की राहिले सात. सात रुपयांचे ११२ आणे. म्हणजे मागे राहिलेल्या सगळ्या कुटुंबाच्या वाट्याला रोजचे पावणेचार आणेही पुरते येत नव्हते. एकट्या गोपाळला जेवढे मिळत होते, त्यापेक्षा कमी पैशांत सारे घर चालत होते.

गोपाळचे गणित चांगले होते. हा हिशेब त्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. आपल्या हातात येणारा प्रत्येक आणा कोणाच्या तरी ताटातून निघून आला आहे, हे त्याला पक्के ठाऊक होते. तो हाताने स्वयंपाक करी. खाण्यापिण्यात, कपड्यांत, दिव्याच्या तेलातही तो बचत करी.

तेलाची एक हकिकत त्यांच्या चरित्रांत सांगतात. गोपाळच्या ओळखीचा एक सुखवस्तू मुलगा होता. तो एकदा त्याला आपल्याबरोबर नाटकाला घेऊन गेला. मित्राने बोलावले म्हणून गोपाळ गेला. तिकिटाचे पैसे आपल्याला द्यावे लागतील, हे त्याच्या मनातही आले नव्हते. पुढे काही दिवसांनी त्या मित्राने तिकिटाचे दोन आणे मागितले. श्रीमंताच्या मुलाला दोन आणे म्हणजे काहीच नव्हते. गोपाळच्या हिशेबात मात्र ते अर्ध्या दिवसाचे पैसे होते. तुम्हीच सांगा, अशा वेळी काय करता आले असते? मित्राशी भांडता आले असते. भावाला पत्र लिहून जास्त पैसे मागवता आले असते. गोपाळने यांतले काहीच केले नाही. त्याने दोन आणे देऊन टाकले. ते भरून काढण्यासाठी त्याने दिव्याचे तेल विकत घेणे बंद केले आणि रस्त्यावरच्या दिव्याखाली बसून तो अभ्यास करू लागला.

रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास केला, असे अनेक थोर पुरुषांविषयी सांगितले जाते. वाचून वाचून त्याचे आपल्याला काही वाटेनासे होते. पण येथे तो दिवा केवळ गरिबीचा देखावा नाही. दोन आण्यांची खोट कोठून भरून काढायची, याचा विचार करून शोधलेली ती जागा आहे. जेवण कमी करता येत नव्हते, फी कमी करता येत नव्हती. तेल तेवढे कमी करता येत होते.

१८८१ साली गोपाळ मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाला. त्याचे वय तेव्हा पंधरा होते. त्या काळात मॅट्रिक झालेल्या मुलाला कोठेही कारकुनी मिळे. भावाचे कष्ट तो दोन वर्षे पाहत होता. आता आपण नोकरी करावी आणि भावाला मदत करावी, असे त्याने ठरवले. कोणीही समजूतदार मुलगा असेच ठरवील. परंतु गोविंदरावांना ते मान्य झाले नाही. इतका हुशार मुलगा कचेरीत अडकून पडू नये, असे त्यांना वाटले. कॉलेजचा खर्च मात्र शाळेच्या खर्चापेक्षा कितीतरी जास्त. तो आठ रुपयांत बसणारा नव्हता.

अशा वेळी गोविंदरावांच्या पत्नी पुढे आल्या. त्यांनी आपले दागिने विकायला काढले. गोपाळच्या कॉलेजच्या शिक्षणासाठी ते पैसे उपयोगी पडले.

मुलींनो आणि मुलांनो, दागिने म्हणजे काय, हे तुमच्या घरातील आई, नानी, दादी यांना विचारा. पूर्वी बाईच्या नावावर घर नसे, जमीन नसे, बँकेत खाते नसे. अडीअडचणीला तिचे स्वतःचे असे जे काही असे, ते अंगावरचे सोने. ते एकदा गेले की पुन्हा होईल याचा भरवसा नसे. गोविंदरावांचा त्याग सगळे चरित्रकार सांगतात आणि तो मोठा आहेच. पण त्यांना निदान दर महिन्याला नवा पगार मिळत होता. वहिनींच्या जवळ जे होते, ते एकदाच देता येण्यासारखे होते, आणि ते त्यांनी नवऱ्याच्या धाकट्या भावासाठी देऊन टाकले. आमच्या मते या सगळ्या हकिकतीत सर्वांत जड पारडे त्यांचेच आहे.

हे पैसे व्याजाने घेतलेले कर्ज नव्हते. त्याचा कागद झाला नव्हता. परत कधी करणार, असे कोणी विचारणार नव्हते. पण ज्या कर्जाचा तगादा कोणी लावत नाही, ते फेडायचे की विसरून जायचे, हे घेणाऱ्याच्या मनावर असते. गोपाळने ते कर्जच मानले.

तो प्रथम कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकला. काही काळ तो पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होता. शेवटच्या वर्षासाठी तो मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात गेला. तेथे त्याला महिना वीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. भावाच्या सगळ्या पगारापेक्षा ही रक्कम मोठी होती. तरी त्याच्या सवयी बदलल्या नाहीत. १८८४ साली तो बी. ए. झाला. वय अवघे अठरा.

आता पुढे काय? मनात अनेक बेत आले. इंजिनियर व्हावे, असे काही दिवस वाटले. नंतर वकील होण्याचे ठरले. त्या काळी चांगल्या वकिलाला पैशांची ददात नसे. कायद्याचा अभ्यास चालू ठेवायचा तर हातात काही मिळकत हवी. म्हणून १८८५ साली गोखले पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले. पगार पस्तीस रुपये. शाळा सुटल्यावर ते सरकारी नोकरीच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांना शिकवीत. त्यातून थोडी भर पडे. घरच्या जबाबदारीतला आपला वाटा ते आता उचलू लागले. पूर्वी पैसे कागलहून गोपाळकडे येत, आता ते गोपाळकडून घरी जाऊ लागले. शाळेत शिकवणे, कायद्याची पुस्तके वाचणे, शिकवण्या घेणे असा त्यांचा दिवस जाई.

याच ठिकाणी त्यांच्या आयुष्यातील सर्वांत अवघड प्रश्न उभा राहिला. न्यू इंग्लिश स्कूल ज्या संस्थेचे होते, त्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीने १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज सुरू केले. या संस्थेचे आजीव सदस्य वीस वर्षे थोड्या पगारावर शिकवण्याचे वचन देत. पगार पुढे वाढून सुमारे पंचाहत्तर रुपयांपर्यंत जाई, त्यापुढे नाही. गोखल्यांनी आजीव सदस्य व्हावे, अशी तेथील मंडळींची इच्छा होती. गोखल्यांनाही ते काम आवडू लागले होते. पण घरच्या आशा वकिलीवर होत्या. ज्या भावाने शिक्षण सोडले, ज्या वहिनींनी दागिने दिले, त्यांचे दिवस पालटायचे तर भरपूर मिळकत हवी होती. वीस वर्षे पंचाहत्तर रुपयांवर काढायची म्हणजे त्या आशेवर पाणी सोडायचे.

मित्रांनो, येथे एक बाजू खरी आणि दुसरी खोटी असे नव्हते. दोन्ही बाजू खऱ्या होत्या. आपले ध्येय गाठण्यासाठी घरच्यांनी सोसलेले विसरणे हा स्वार्थ झाला असता. घरच्यांसाठी ध्येय सोडणे यातही काही वाईट नव्हते. गोखल्यांनी मधली वाट काढली. १८८६ साली ते आजीव सदस्य झाले आणि पुढे वकिलीचा नाद त्यांनी सोडून दिला. भावाने याला हरकत घेतली नाही. घराची जबाबदारी मात्र गोखल्यांनी खाली ठेवली नाही. मिळकत वाढणार नसेल तर दोनच उपाय उरतात. खर्च कमी ठेवायचा आणि फावल्या वेळात कष्ट करून भर घालायची. त्यांनी दोन्ही केले.

त्यांनी आपले सहकारी बापट यांच्याबरोबर शाळेतील मुलांसाठी अंकगणिताचे पुस्तक तयार केले. ते इतके चांगले उतरले की अनेक शाळांत लागले आणि वर्षानुवर्षे खपत राहिले. पुढे सार्वजनिक कामासाठी त्यांनी शिकवण्याचे काम सोडले, तेव्हाही या पुस्तकाचे उत्पन्न त्यांना आधार देत होते. गोखले आणि गणित यांविषयी आणखी एक गोष्ट सांगतात. लहानपणी दुसऱ्याच्या मदतीने सोडवलेल्या उदाहरणाबद्दल मिळालेली शाबासकी त्यांनी नाकारली, अशी ती गोष्ट आहे. ती तुम्ही खालच्या वर्गात वाचली असेल, म्हणून येथे पुन्हा सांगत नाही.

पुण्यात त्यांना न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्यासारखा गुरू भेटला. सरकारी अहवाल कसे वाचावेत, आकड्यांच्या रांगांत लपलेली गोष्ट कशी शोधावी, हे रानड्यांनी त्यांना वर्षानुवर्षे शिकवले. एखादा आकडा चुकला किंवा एखादे वाक्य सैल पडले, तर रानडे ते पुन्हा लिहायला लावत. सोलापूरचे गणेश व्यंकटेश जोशी हे आकडेशास्त्राचे मोठे जाणकार. त्यांचीही गोखल्यांना पुष्कळ मदत झाली. लहानपणी एकेका आण्याचा हिशेब ठेवणारा मुलगा आता साऱ्या देशाचा जमाखर्च वाचू लागला. १८९७ साली ते विलायतेला गेले, तेही याच कामासाठी. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे त्यांनी साक्ष दिली. त्या वेळी त्यांचे वय तीस वर्षांचे होते.

मधल्या काळात फर्ग्युसन कॉलेजच्या इमारतीसाठी त्यांनी सुट्ट्यांमध्ये गावोगाव फिरून वर्गणी गोळा केली. स्वतःसाठी कोणाजवळ कधी हात न पसरणारा माणूस संस्थेसाठी दारोदार जात होता. १८९५ साली कॉलेजची इमारत उभी राहिली. आजही ती पुण्यात पाहता येते.

१९०२ साली गोखले कलकत्त्याला व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात बसू लागले. तेथे २६ मार्च १९०२ रोजी त्यांनी सरकारच्या अंदाजपत्रकावर भाषण केले. अंदाजपत्रक म्हणजे सरकारचा वर्षाचा जमाखर्च. त्या वर्षीही खर्च वजा जाता सरकारजवळ मोठी शिल्लक उरली होती. सभासदांनी उठावे आणि अर्थमंत्र्यांचे अभिनंदन करावे, असा प्रघात होता. गोखल्यांनी मात्र ही शिल्लक आली कोठून, असा प्रश्न केला.

तो हिशेब थोडक्यात असा. हिंदुस्थान सरकारला दरवर्षी इंग्लंडमध्ये मोठी रक्कम पौंडांत द्यावी लागे. रुपयाची किंमत घसरत गेली, तशी त्या रकमेसाठी जास्त रुपये लागू लागले. ते उभे करण्यासाठी सरकारने कर वाढवले. १८८८ साली मिठावरील कर मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपये झाला. पुढे सरकारने चांदीची नाणी पाडण्यावर निर्बंध घातले आणि रुपयाची किंमत पुन्हा चढली. आता कमी रुपयांत काम भागू लागले. पण वाढवलेले कर तसेच राहिले. त्यामुळे तिजोरीत पैसा साठू लागला. याच वर्षांत देशात दोन मोठे दुष्काळ पडले होते, प्लेगने गावे ओस पडली होती. लोक उपाशी असताना सरकारजवळ शिल्लक दिसते, याचा अर्थ सरकारने गरजेपेक्षा जास्त वसूल केले आहे, असे गोखल्यांनी आकड्यांनी दाखवून दिले.

मिठाचा कर तुम्हाला लहान वाटेल. एक मण म्हणजे सुमारे ३७ किलो. अडीच रुपयांचे चाळीस आणे. म्हणजे किलोमागे एका आण्याहून थोडा जास्त कर. मिठाची मूळ किंमत त्याहून पुष्कळ कमी. श्रीमंत माणूस जेवढे मीठ खातो, तेवढेच गरीबही खातो. उलट ज्याच्या घरी कालवण नाही, त्याला पेजेबरोबर मीठच तोंडी लावावे लागते. आपल्या किनाऱ्यावर मासे खारवायला मीठ किती लागते, हे तुमच्यापैकी दालदी आणि खारवी घरांतील मुलांना सांगायला नको. रोजच्या पावणेचार आण्यांत घर चालवलेल्या माणसांना किलोमागचा हा आणा किती मोठा होता, हे त्या सभागृहात बसलेल्या थोड्याच लोकांना कळत असेल. गोखल्यांना ते कळत होते. ते एका भाषणावर थांबले नाहीत. वर्षामागून वर्षे त्यांनी हाच विषय लावून धरला. १९०३ साली कर दोन रुपयांवर आला, १९०५ साली दीड रुपयावर आणि १९०७ साली एक रुपयावर.

त्याच १९०२ सालच्या सुरुवातीला मोहनदास गांधी हे तरुण बॅरिस्टर कलकत्त्यात गोखल्यांकडे महिनाभर राहिले होते. गांधीजी साधे राहत आणि दुसऱ्यानेही साधे राहावे, असा त्यांचा आग्रह असे. गोखले घोडागाडीतून हिंडतात, स्वस्त ट्रामने जात नाहीत, हे त्यांना खटकले आणि त्यांनी ते बोलूनही दाखवले. गोखल्यांना थोडे वाईट वाटले. आपण इतके ओळखीचे झालो आहोत की ट्राममधून निवांत जाणे आपल्याला शक्य नाही, प्रत्येक ठिकाणी आपण पैसा उडवतो असे नाही, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. हा प्रसंग गांधीजींनी स्वतः आपल्या आत्मकथेत लिहून ठेवला आहे. पाठाच्या सुरुवातीला जरूर आणि गैरजरूर खर्चाचा उल्लेख आला आहे, तो येथे आठवा. घोडागाडी हा जरुरीचा खर्च होता की नव्हता? वर्गात यावर चर्चा करा. तुमच्यापैकी सगळ्यांचे एकमत होणार नाही आणि झालेच पाहिजे असेही नाही.

सुमारे अठरा वर्षे शिकवून १९०२ साली गोखले कॉलेजातून निवृत्त झाले. १२ जून १९०५ रोजी त्यांनी पुण्यात भारत सेवक समाज ही संस्था स्थापन केली. तिच्या सभासदाला शपथ घ्यावी लागे. स्वतःसाठी पैसा मिळवण्यात आपली शक्ती घालवायची नाही, संस्था देईल तेवढ्यात कुटुंब चालवायचे आणि जात किंवा धर्म न पाहता सर्व देशबांधवांना भाऊ मानायचे, असे त्या शपथेत होते. संस्था सभासदाच्या कुटुंबाची सोय पाहत असे, ही गोष्ट लक्षात घ्या. घरच्यांना उपाशी ठेवून कोणी देशसेवा करावी, असे गोखल्यांना वाटत नव्हते.

त्यांच्या मनात आणखी एक मोठी इच्छा होती. देशातील प्रत्येक मुलाने शाळेत गेले पाहिजे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी आपल्या राज्यात १९०६ पर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले होते. एका संस्थानाला जे जमते, ते इंग्रज सरकारला का जमू नये? १६ मार्च १९११ रोजी गोखल्यांनी कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. सहा ते दहा वर्षांच्या मुलांना आधी काही ठिकाणी आणि मग हळूहळू सर्वत्र शाळा सक्तीची करावी, अशी त्यात योजना होती. प्रथम मुलगे आणि मागाहून मुली. ज्या पालकाची मिळकत महिना दहा रुपयांहून जास्त नाही, त्याच्याकडून फी घेऊ नये, असेही त्यात लिहिले होते.

ही सक्ती पाहून काही जमीनदार घाबरले. गरिबांची मुले शाळेत गेली तर शेतावर काम कोण करील, अशी त्यांची तक्रार. सरकारला पैशांची आणि त्याहून जास्त लोकजागृतीची भीती वाटली. बॅरिस्टर मोहम्मद अली जिना आणि बिहारचे मौलवी मझहरुल हक यांनी मात्र विधेयकाला मनापासून पाठिंबा दिला. मार्च १९१२ मध्ये मतदान झाले. बाजूने तेरा मते पडली आणि विरुद्ध अडतीस. विधेयक फेटाळले गेले. असे होणार हे गोखल्यांना आधीच दिसत होते, तरी त्यांनी अखेरपर्यंत तयारीत कसूर केली नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरात ते दक्षिण आफ्रिकेला गेले. तेथील हिंदी मजुरांचे हाल त्यांना स्वतः पाहायचे होते. मजुरी संपल्यावरही तेथे राहणाऱ्या गरीब मजुरांना दरवर्षी तीन पौंडांचा कर भरावा लागे. मिठाच्या करासारखाच हाही कर गरिबाच्या ताटातून निघत होता. तो रद्द व्हावा, म्हणून गोखले तेथील मंत्र्यांना भेटले. या प्रवासातील एक लहानशी हकिकत गांधीजींनी दिली आहे. गोखल्यांजवळ एक उपरणे होते. ते त्यांना रानड्यांनी दिलेले. रानडे १९०१ साली वारले होते. हे उपरणे गोखले फार जपत आणि फक्त खास प्रसंगी वापरत. जोहान्सबर्गला त्यांच्या सन्मानार्थ मेजवानी ठरली, तेव्हा ते चुरगळलेले निघाले. धोब्याकडे देऊन परत आणायला वेळ नव्हता. गांधीजींनी स्वतः इस्त्री करून देतो असे सांगितले, तर गोखले घाबरले. गांधीजींच्या वकिलीवर त्यांचा विश्वास होता, धोबीकामावर नव्हता! शेवटी त्यांनी ते भीतभीत दिले. इस्त्री छान झाली.

मधुमेहाने त्यांची प्रकृती तोवर खालावली होती. १९१४ साली सरकारने त्यांना सर ही पदवी देऊ केली, ती त्यांनी घेतली नाही. आजारपणातही त्यांचे कागद, आकडे आणि पत्रे चालूच होती. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय अवघे अठ्ठेचाळीस.

त्यांच्यानंतर तीन वर्षांनी, १९१८ साली, मुंबई इलाख्यात प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. नगरपालिकांना आपापल्या शहरात शाळा सक्तीची करण्याचा अधिकार त्या कायद्याने मिळाला. तो विठ्ठलभाई पटेल यांनी मांडला होता.